बिरोबाला वाहिलेली जीप

दुष्काळाचं बहात्तर साल. सांगोल्याहून सोलापूरला येणाऱ्या एस.टी.त माझ्या मागच्या बाकावर धुळीनं माखलेले दोन तरुण बसले होते. त्यांचं बोलणं मला अजून आठवतं.

"हिंदुराव, जीप कुटं म्हणून तुज्या आबांनी विचारलं, तर?"

"सांगायचं, बिरोबाच्या टेकडीवर हाय. नवस तू बोललास, ज्ञानू. तूच सांग."

"आन् खडकांवरनं जीप चढवायची हौस कुणाची? चाक निसटाय लागलं, तुझा रंग उडाला. माझ्या तोंडातनं गेलं, बिरोबा, येवढी चढू दे, गाडी तुलाच वाहतो."

"नारळ बोलायचा की रं! आबांची जीप बोललास?"

"नारळावर चढली असती व्हय?"

"चढली, आन् तू नवस सांगताच पुजाऱ्यानं भंडारा लावून किल्ली देवापुढं ठेवली. आता आबा मला सायकलबी देणार न्हाईत."

"पुजारी काय म्हणाला, ऐकलं न्हाईस? देवाला जीप काय करायची? वर पाणी न्हाई, टँकर चढत न्हाई. पाऊस पडंपतोर दर रविवारी पिंपं भरून आणा, नवस फिटला. आबांनी हो म्हटलं, की किल्ली आपली."

"दर रविवारी?"

"त्याच खडकांवरनं."

मागचा आवाज हळू झाला.

"ज्ञानू, आबा देवाला न्हाई म्हणतील का रं?"

"तुजे आबा? देवाला? कधीच न्हाई."

"मग मीच सांगतो. तोंड पाडून सांगतो. तू फकस्त माज्याकडं बघून हसू नगंस."