आईचं नाव विचारायला गेलो

हसू नका, पण माझ्या आईचं नाव मला ठाऊक न्हाय. ती गेली तवा मी रांगत होतो. आमच्यात सुनेला माहेरच्या गावावरनं हाक मारायची रीत, म्हणून सगळी तिला 'जेऊरची' म्हणायची. खरं नाव ठाऊक असणारी माणसं एकेक करून गेली.

परवा शेजारचे मास्तर म्हणाले, "जुन्या शिरगणतीत घरातल्या सगळ्यांची नावं लिहिलेली असतात." मी काय शाळा शिकलेलो न्हाय, पण विचारत विचारत सोलापुरातली कचेरी गाठली.

टेबलापाशी नातीच्या वयाची बाई होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, शिरगणतीतली घरोघरची माहिती गुप्त असते. कुणालाच दाखवत नाहीत."

"अवो, माझ्याच घरची हाय की!"

"तरी नाही. परक्याच्या हाती लागू नये म्हणून कायदाच तसा आहे."

"मी परका न्हवं. पोरगा हाय तिचा."

"पोरालाही नाही, बाबा." तिलाच वाईट वाटलं. म्हणाली, "थांबा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत बघू. आईचं नाव सांगा."

"तेच तर विचाराय आलोय."

ती हसली, मीबी हसलो. मग हळूच म्हणाली, "नाव मिळालं असतं तर काय करणार होता?"

म्हटलं, "काय न्हाय, बाई. घरात मी एकटाच हाय. दिवसभर कुणाचं नाव घ्यावं लागत न्हाय. तेवढं एक तोंडात आलं असतं."