व्हायटाकरेच्या ओढ्यात सोडलेला

अल्बनीच्या बसमध्ये बाळ माझ्या कुशीत झोपलं होतं. मागच्या सीटवरचं जोडपं, आपलं मराठी कुणाला कळणार, अशा समजुतीने बोलत होतं.

"गंधार, आपल्या ईशाचा सॅलॅमँडर ओढ्यात सोडायला नको होता रे."

"माझी आईच म्हणाली ना, इंडियाला जाताना काचेत कोंडून ठेवू नका, वाहत्या पाण्यात सोडा, पुण्य लागेल."

"आणि तू शोधून शोधून सगळ्यात स्वच्छ ओढा काढलास. थेट व्हायटाकरेच्या रानातला! इथले मूळचे बेडूक तिथेच राहतात, दगडांखाली."

"एवढासा पाणसरडा तो, काय करणार त्यांना?"

"त्याच्या अंगावर बुरशी असू शकते. त्याला स्वतःला काही होत नाही, पण बेडूक मरतात. आत्ताच वाचलं मी."

"तसं झालं असतं तर कळलं असतं गं. ओरडले असते ते."

"ते बेडूक ओरडतच नाहीत, गंधार."

तिने पर्समधून फोन काढल्याची चाहूल लागली.

"निवेदिता, सरकारी खात्याला फोन केलास तर नाव विचारतील. असं सोडणं इथे गुन्हा आहे, आणि आपली रेसिडेन्सी अजून यायचीय."

"माहितेय मला. म्हणून तर अजून नंबर लावला नाही."

"नाव न सांगता कर."

"आणि नेमकी जागा दाखवायला कोण जाणार?"

"दे फोन इकडे."

"नंबर तू लाव. बोलते मी."

"लागला. घे, बोल."

"किओरा," असा इथला नमस्कार करून ती इंग्रजीत बोलू लागली. आपलं पूर्ण नाव तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"माझंही सांग," तो म्हणाला.