काकूंनी ओढलेला मेन स्विच

तुम्ही हसाल, पण डेथ मेटल गाणारा माणूस खरंच मरायला लागला, तर शेजारच्याला कळत नाही. मी बघितलंय.

इंद्रपुरीजवळच्या टाउनशिपमध्ये, नीरजच्या घरी आमच्या 'अस्थिकलश' बँडची तालीम चालायची. मी गिटारवर, बंटी ड्रम्सवर आणि नीरज गायला, म्हणजे पोटातून गुरगुरायला. एका दुपारी त्याने माइक धरला आणि असा काही ओरडला की बंटी खूश झाला. "क्या बात है भाई, और खींच!" मीही जोर लावला.

तेवढ्यात नीरजची आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. नीरज धाडकन कोसळला. माइकमधून त्याला शॉक बसत होता, हात सुटतच नव्हता. तळवा भाजला होता.

तो उठून पाणी प्यायल्यावर मी विचारलं, "काकू, आम्ही शेजारी असून आम्हाला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

काकूंनी त्याचा भाजलेला तळवा गार पाण्यात धरला.

"रोज ऐकते रे. गाताना तो मधे श्वास घेतो."