गोदामामागचा कोळीवाडा

तुम्ही घरं पाडायच्या गोष्टी करताय, मी तर एका क्लिकमध्ये अख्खा कोळीवाडा पाडलेला!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नौपाड्यातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचे. नवीनच सॉफ्टवेअर आलेलं, त्यात इमारती, टेकड्या सगळं उंचीसकट उभं दिसायचं. खाडीकाठचं एक जुनं गोदाम नकाशातून काढायचं होतं. मी नकाशा समोरून बघत माउसने त्याच्याभोवती चौकट ओढली, डिलीट केलं आणि सेव्हही केलं. संध्याकाळी त्याच नकाशावर नवा रस्ता आखायला इंजिनीअर येणार होते.

शेजारच्या टेबलावरचा हरेश तिथल्याच कोळीवाड्यातला. चहा घेऊन आला आणि माझ्या स्क्रीनकडे बघतच राहिला.

"अगं, माझं घर कुठाय?"

"कुठलं घर?"

"गोदामाच्या मागचं! आमचा कोळीवाडाच नाहीये!"

मी नकाशा फिरवून बघितला, तर मागे नुसती मोकळी जमीन. समोरून ओढलेल्या चौकटीत मागची घरंही सिलेक्ट झालेली. त्या मोकळ्या जमिनीतून इंजिनीअरांनी सरळ रस्ताच काढला असता.

"थांब, सकाळची कॉपी माझ्या मशीनवर आहे," हरेश म्हणाला.

त्याने ती उघडली आणि सगळी घरं परत दिसली. मला रडूच आलं. मग वरून बघत मी फक्त गोदाम काढलं.

पुढच्या रविवारी हरेशने मला घरी जेवायला नेलं. त्याच्या आईने दारातच मला नीट न्याहाळलं.

"हीच काय ती? ये बाय, बस. घर हाय अजून जाग्यावर."