लग्नघरातल्या चटया

नागोयाच्या ओसू बाजारात दुकान उघडायची आम्ही वाट बघत होतो. ‘धुक्याचं बेट’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग अकरा वर्षांनी येत होता. रांगेत पहिला एक तरुण, त्याच्यामागे साठीच्या एक बाई, मग मी.

“काकू, नातवासाठी का?” तरुणानं मागे वळून विचारलं.

“माझ्यासाठी. लेकीनं केलाय.”

“मग तिला विचारा, शेवटचं वर्ष कशात घालवलं? म्हणे तातामीच्या चटया बदलत होते! कुणाच्या डोक्यातलं खूळ हे?”

“तिच्याच.”

“आं?”

“तुझ्या घरी लग्नाच्या खोलीत चार चटयांचे कोपरे एका जागी जुळवतील?”

“छे! तसं मयताच्या घरी अंथरतात.”

“या गेमवाल्यांनी नायकाच्या लग्नातच तसं अंथरलं होतं. साहेब म्हणाले, चालतंय. आमची मिनोरी म्हणाली, चटया बदला, नाहीतर गेमवरून माझं नाव काढून टाका.”

“म्हणून अख्खं वर्ष?”

“एक चटई हलवली की वऱ्हाडी भिंतीत घुसायचे. सगळं घर परत बांधलं पोरीनं.”

“पण काकू, खेळताना जमिनीकडे बघतंय कोण?”

“नवरी गुडघे टेकून बापाला नमस्कार करते ना? वाकल्यावर तिला दुसरं काय दिसतं?”

“...काकू, तुम्ही पुढे या. पहिला तुम्ही घ्या.”

“नको रे. मिनोरीची आई आहे मी. घाई आमच्या घरात नाही.”