मामांची खोली शेवटी

बोलते की, कामून नाय बोलणार — तुम्हीच हातात हा दांडका दिला आणि म्हणाले बाई, काहीतरी बोलत राहा, मला समद्या खोल्यांत आवाज बघायचाय — मग नुस्तं हॅलो हॅलो किती वेळा म्हणायचं माणसानं? ऐका, ऐका, स्वयंपाकघरातनं माझाच आवाज यायलाय, केवढा घोगरा, मला आपलं वाटायचं मी बरी बोलते. पुंजारामभाऊ ना तुम्ही? दुकानवाल्यानं फोनवर तेच नाव सांगितलं. कन्नडचे? मग आमच्याच तालुक्याचे की. आमचं शेत तिथंच, आमचे हे, बद्रीनाथ, आत्ताबी तिथंच गेलेत — घरात काम निघालं की ह्यांना शेतात काम निघतं, अगदी हमेशा. तर मी बोलते, तुम्ही तुमच्या तारा जोडा. एकच ध्यानात ठेवा, अंगणापलीकडची ती बंद दाराची खोली आहे ना, मामांची, म्हंजी माझ्या सासऱ्यांची — ती शेवटी जोडायची. मी सांगीन तवा.

हे समदं आमच्या लेकाचं डोकं. पुण्याला असतो. टीव्ही एकच, इथं बैठकीत, आणि त्याचा आवाज चार खोल्यांत — स्वयंपाकघर, माजघर, माडी आणि मामांची खोली. वर हा माइक फुकट, गाणी म्हणा म्हणं. मला फोनवर म्हणतो, आई, आता भाकरी थापता थापता तू मालिका ऐकशील. मी म्हटलं वा रे वा, केवढा शोध लावलास. त्याला काय माहीत, तो पाळण्यात होता तवाच हा शोध ह्या घरात लागून गेलाय. स्वयंपाकघरात तुम्ही डबा बसवला ना, त्याच्या बाजूला एक गंजका खिळा दिसला का? पिठाच्या डब्यांच्या वर? तिथं लाकडी पेटीतला स्पीकर होता. अठ्ठ्याऐंशी साली. शहराचं नाव तवा औरंगाबाद, आमच्या गल्लीत टीव्ही दोन, आणि त्यातला एक आमच्या आप्पासाहेबांचा.

आप्पासाहेब म्हंजी मामा. पोलीस ॲक्शनच्या वेळी सोळा वर्षांचे, म्हंजी आता किती झाले बघा. रझाकार गावात आले तवा आपण कसे उभे राहिलो ते अजून सांगतात — सासूबाई हळूच म्हणायच्या, कडब्याच्या गंजीत उभे राहिले होते. तर टीव्ही ह्या बैठकीत, आणि बैठकीत मामा, कन्नडहून आलेले पाव्हणे, गल्लीतले दोन-चार जण, समदे गडीमाणसं. सुनेनं बैठकीत पाय ठेवायचा नाय. सुनेचं सोडा, सासूबाईंनी बी कधी ठेवला नाय, भागूबाई नाव त्यांचं, त्यांच्याच नवऱ्याची बैठक. मग बायांनी काय करायचं? तर मामांनी इंतजाम केला — रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, टीव्हीतनं तार काढली, माजघरात एक पेटी आणि स्वयंपाकघरात एक. घरातल्या बायकांची बी करमणूक झाली पाहिजे, म्हणाले. पाव्हणे म्हणायचे, आप्पासाहेब, तुम्ही लई सुधारक माणूस. आणि आम्ही आत चहा गाळता गाळता त्याच पेटीखाली उभ्या राहून ऐकायचो, की आपल्यावर केवढी मेहरबानी झालीये.

अकरा वर्षं टीव्ही ऐकला मी, भाऊ. बघितला नाय, ऐकला. बातम्या सांगणारी एक बाई होती, आवाज असा भारदस्त, मी आणि सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं की ही चांगली जाडजूड असणार, मोठं कुंकू लावत असणार. पुढं बघितली तर काडी. मालिकेत कोण रडतंय ह्यावर आम्ही पैजा लावायचो. आणि सगळ्यात वाईट काय सांगू, मधीच कुणी बोलायचंच नाय — नुस्तं वाजतंय, वाजतंय — आणि बैठकीत समदे एकदम हसायचे. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो. काय झालं, कुणी सांगायला येत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, पडला असंल कुणीतरी. मग आम्ही बी हसून घ्यायचो, उगं कशाला मागं राहायचं.

काय? हात कामून हलवायलेत? बंद करू? अहो, तुम्हीच म्हणाले बोला. दिसतात मला ते दिवे, चार हिरवे लागलेत, छान दिसतात, दिवाळीच की. तुमचं काम तुम्ही करा. नाय, त्याला हात लावू नका, मला आत्ता कुठं बोलायला बरं वाटायलंय. ह्या घरात मी बोलले आणि चार खोल्यांत ऐकू गेलं असं पहिल्यांदाच होतंय.

तर ऐका. माझं माहेर वेरूळकडचं. बापाचं नाव सांडू. अद्रक लावायचे, आणि त्या साली त्यांची अद्रक अशी आली की टीव्हीवाले शेतात येऊन गेले, त्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी. मला कुणी कळवलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणानंतर तीन वर्षं मला माहेरी धाडलंच नव्हतं — कधी पेरणी, कधी पाव्हणे, कधी मीच पुन्हा पोटुशी — कारणांची ह्या घरात कधीच टंचाई नव्हती. संध्याकाळची वेळ, मी भाकरी थापायले, आणि वर पेटीतनं कुणीतरी खाकरलं. नाव सांगायच्या आधी खाकरलं, भाऊ. मी तिथंच ओळखलं. मग आवाज आला, माझं नाव सांडू, मी सहा महिने आधी जमीन नांगरून ठेवतो. माझा बाप माझ्या डोक्यावर बोलत होता.

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि पळाले. ह्या दारापर्यंत आले, हे दार, तुम्ही तार ओढली ना तेच. तवा पडदा होता. पदर डोक्यावर घेतला, पडद्याला हात लावला, सात माणसं बसलेली, सातांच्या पाठी दिसल्या. एक पाऊल टाकलं असतं तर दिसला असता. मामांना चाहूल लागली. त्यांनी मान बी वळवली नाय. इतक्या हळू म्हणाले, अगदी मायेनं म्हणाल्यासारखं — आवाज येतोय ना आत? बास, एवढंच. मी म्हटलं येतोय मामा. आणि माघारी फिरले. स्वयंपाकघरात आले तवर भाकरी कोळसा झाली होती आणि पेटीतला माणूस हवामान सांगायला लागला होता.

रात्री ह्यांना विचारलं, आबा कसे दिसत होते? म्हणाले, चांगले दिसत होते, फेटा होता. बारीक झालेत का? म्हणाले, अगं टीव्हीत काय कळतंय. आणि दोन महिन्यांनी आबा गेले. निरोप आला तवा मामा कुठंतरी लग्नाला, त्यांना विचारल्याशिवाय सुनेला धाडायचं कसं, ते आले, जीप ठरली, मी पोचले तवर लोक नदीवरनं अंघोळ करून परत येत होते. आबांचा फोटो नाय एकबी. माझ्या लग्नातला एक आहे, त्यात ते वाढपी लोकांना काहीतरी सांगायलेत, पाठ दिसते. हलता-बोलता माझा बाप दोन मिनिटं ह्या खोलीत येऊन गेला आणि तो बघितला कन्नडच्या सात माणसांनी, त्यातल्या एकालाबी आता ते आठवत नाय. मला लई राग आला होता, भाऊ. अजून आहे. लोक म्हणतात जुन्या गोष्टी मनात ठेवू नयेत, मी म्हणते ठेवायला मला दुसरं दिलंय काय.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग ह्या बैठकीत तुम्ही ऐटीत बसल्या कशा? तसं काय कुणी हुकूम नाय काढला. सासूबाई गेल्या, पाव्हणे कमी झाले, मी आधी उंबऱ्याशी बसायला लागले, मग उंबऱ्याच्या आत. आता रिमोट माझ्याकडं आहे आणि मामा आत आहेत. दिवाळीत पडले, मांडीचं हाड गेलं, तवापासनं त्या खोलीत खाटेवर. डोळे मात्र शाबूत, कावळा कुठल्या फांदीवर बसलाय ते सांगतात.

आणि आज पाच वाजता आमची नात टीव्हीवर दिसणारे. मीनाक्षीची, माझ्या लेकीची पोर. कबड्डी खेळते, सोळा वर्षांची, राज्याच्या संघात घेतलीये. घरात तिला भागू म्हणतो, सासूबाईंचं नाव. मामांचा जीव की प्राण. आठ दिवस झाले, एकच चाललंय — मला बैठकीत न्या, मला भागूला खेळताना बघायचंय. आज सकाळी न्हाव्याला बोलावून दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले, जसं काय ती टीव्हीतनं ह्यांना बघणारे. डॉक्टर म्हणाला, उठवू नका, खाटेसकट न्या, काही होत नाय. मी समद्यांना सांगितलं, खाट दारातनं निघत नाय. ह्यांनी लगेच मान डोलावली, जन्मात कधी काही मोजलं असंल तर शपथ. लेक म्हणाला मग त्यांना निदान आवाज तरी जाऊ दे, आणि पाठवला हा पसारा. तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही बाहेरचे — निघती. खाट अडीच फूट, दार पावणेतीन. ब्लाउजच्या टेपनं मोजलंय मी, दोनदा.

परत हात? अहो हा कसला नाच चाललाय? झालंच आता. मला वाईट म्हणायचं तर म्हणा, पण मी काय जगावेगळं करायले? त्यांनी मला दिलं तेच त्यांना देते, उलट ह्याचा आवाज चांगला आहे, आमच्या पेटीत तर खरखर होती. फक्त सामना सुरू व्हायच्या आधी एकदा ह्याच माइकवरनं मी त्यांना विचारणारे. छत्तीस वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य आहे, भांडी घासताना म्हणून बघितलंय, देवापुढं बसून बी म्हणून बघितलंय. मान वळवायची नाय. आवाज हळू. मायेनं म्हणाल्यासारखं. तुम्ही ती खोली जोडायच्या आधी एकदा ऐकून घ्या, कसं वाटतंय ते सांगा — मामा, आवाज येतोय ना आत?

कोण बोललं? तुम्ही बोललात? मग — अंगणाकडनं आलं. काय म्हणाले? पुंजारामभाऊ, मी विचारायले, काय म्हणाले ते? खाली काय बघता, तुम्हाला ऐकू आलंय — येतोय म्हणाले. पहिल्यापासनं येतोय, म्हणाले.

चार दिवे. स्वयंपाकघर एक, माजघर दोन, माडी तीन. म्हंजी मी यायच्या आधीच तुम्ही ती खोली — आणि म्हणून हात हलवत होतात. आणि मी तुम्हाला हात लावू देत नव्हते.

थांबा, गप राहा, अजून काहीतरी म्हणायलेत. बास, म्हणाले. आवाज येतोय, तेवढा बास झाला मला. हे — हे टोमण्यानं म्हणाले का कसं, तुम्ही सांगा, तुम्ही तिऱ्हाईत आहात. मला कळंना. चाळीस वर्षं त्यांचा आवाज ऐकायले आणि मला कळंना. तोंड दिसल्याशिवाय काय कळणार.

बंद करा ते. केलं? नक्की? दिवे विझले का समदे, मला दाखवा. मग आता असे खांबासारखे उभे कामून? साडेचार झाले. तुम्ही पायथ्याकडनं धरा, मी उशाकडनं. उंबऱ्याशी थोडी तिरपी घ्यावी लागंल, कुठं अडती ते मला माहीतंय. आणि आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाय, तुम्ही बी नाय, मी बी नाय. खाट टीव्हीसमोर ठेवली की तुम्ही निघायचं.