माझ्या हाताचा कटर

अगं, कटर घ्यायला गेलो त्या दिवशी माझ्या हाताबद्दल आधी मी सोडून सगळे बोलले.

रंगीत काचा कापून, जोडून मी खिडक्यांसाठी चित्रं करते, तुला माहितीय. लग्न होऊन पेडगावला आले, तेव्हापासून जुन्या बारीक कटरनं अंगठा बधिर व्हायचा. मी कुणाला सांगितलं नाही. "मग सोडून दे," असं कुणी म्हणालं असतं तर? शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला अंगठा चोळताना पकडलं आणि आम्हा नवरा-बायकोला परभणीच्या काचेच्या दुकानात नेलं.

दुकानदारानं जाड मुठीचा कटर काढून सरळ ह्यांच्या हातात दिला.

"धरून बघा, साहेब."

ह्यांनी तो हवेतच दोनदा फिरवला. "एकदम आरामशीर! हाच द्या."

"काच तू कापणार हायस का?" आत्याबाई म्हणाल्या. "मला कापणीचा इळा घेताना तुझ्या बापाची मूठ बघितली असती, तर माझं मनगट कवाच गेलं असतं. दे तिच्याकडं."

माझी बोटं त्या मुठीला पुरेनात. आणखी दोन धरून पाहिले. चौथा वाकड्या मुठीचा होता, तो हातात आपसूक बसला. दुकानदारानं काचेचा तुकडा पुढे केला. मी रेघ ओढली, काच सरळ तुटली.

"अंगठा?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही दुखला."

"मग आता रोज बसशील ना कामाला?"

"बसेन की."

आत्याबाई लेकाकडं वळल्या. "चल रे, एक चाकू बी घेऊ. आजपासून भाजी तू चिरायची."